चार नंबरचं ऑइल

गेल्या वर्षी दसऱ्याला बाबांच्या गाडीसाठी मी नवं गिअर ऑइल आणलं आणि तिथूनच सगळा घोळ झाला. गाडी म्हणजे दोन माणसांची, उघड्या टपाची जुनी इंग्लिश स्पोर्ट्‌स कार. शेती सरकारात गेली, मोबदला आला, तेव्हा भावकीतल्यांनी बंगले बांधले, लग्नाचे हॉल काढले. आमच्या बाबांनी ही बया पनवेलला दारात आणून उभी केली. आई असेपर्यंत तिला सवत म्हणायची.

दसऱ्याला गाडी धुवायची, गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं आणि मग झेंडूचा हार घालायचा, हा बाबांचा नेम. ऑइल कायम जीएल चार या ग्रेडचं. मी खारघरला राहते, बऱ्यापैकी कमावते आणि आपल्याला सगळ्यातलं कळतं असा माझा समज आहे. दुकानात जीएल पाच दिसलं, महागही होतं. पाच म्हणजे चारच्या वरचं, एवढाच विचार केला आणि घेऊन आले.

"आपल्याला चार नंबर लागतं, बाय," बाबा म्हणाले.

"जरा चांगलं वापरायला शिका आता," मी म्हटलं. लेकीनं हौसेनं आणलंय म्हणून त्यांनी निमूट तेच भरलं.

काही महिन्यांत गिअर कुरकुरायला लागले, दुसरा तर फारच. बाबा क्लच पुन्हा पुन्हा दाबायचे, हात सावकाश न्यायचे, तरी कर्रकन आवाज. "माजाच हात चुकतो वाटतं," ते एकदा म्हणाले. मोबाइलमधून डोकं वर न काढता मी म्हटलं, वय झालं की होतं असं.

रविवारी आम्ही दोघं पळस्प्याला चहाला जायचो. एकदा गोव्याच्या रस्त्याला वळताना दुसरा गिअर पडेचना आणि गाडी मधोमध बंद पडली. मागे भलामोठा ट्रेलर, हॉर्नवर हॉर्न. मी घाबरले, आणि घाबरले की माझं तोंड सुटतं. "होत नाही तुमच्याच्यानं, कळत कसं नाही? मला मारायचंय का?" टपरीवरची माणसं बघत होती, त्यात बाबांच्या ओळखीचेही होते. मी त्यांना उठवून बाजूच्या सीटवर बसवलं, गाडी घरी आणली आणि चावी पर्समध्ये टाकली. वाटेत माझ्याही हातात गिअर वाजले. तेव्हा मात्र मी दोष गाडीला दिला.

गाडी मग उभीच राहिली. यंदा दसऱ्याच्या आधी वाटलं, चालवायची नसली तरी ऑइल तरी बदलावं. भरायचा बोल्ट आधी सोडला, कारण तोच अडकून बसला तर रिकामा केलेला गिअरबॉक्स भरणार कुठून. हे बाबांनीच शिकवलेलं. मग खालचा सोडला. तसराळ्यात ऑइल पडलं आणि त्यात सोनेरी चकाकी दिसली, बारीक भुकटीची.

तेव्हा कुठे डब्यावरचं नीट वाचलं, माहिती काढली. अशा जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या कड्या असतात. त्या आतल्या दातेरी चाकांचा वेग जुळवून घेतात, म्हणून गिअर गुपचूप पडतो. जीएल पाच त्या पितळेला बाधतं, वर इतकं निसरडं की कड्यांना पकडच मिळत नाही. म्हणजे बाबांचा हात कधी चुकलाच नव्हता. मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार नंबर भरून गप्प बसावं, असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी चार नंबर भरलं आणि ओटीवर जाऊन बाबांना सगळं सांगितलं. 

"म्हंजे माजा हात बराबर व्हता?"

"बरोबर होता, बाबा. माझंच चुकलं."

त्यांनी डावा हात उलटासुलटा करून बघितला. "तवापासून मी या हातानं चहाचा कप पन धरला नाय. तुज्या पोराला उचलला नाय. पडंल म्हनून."

आणि मला वाटत होतं, चावी घेतली म्हणून रुसलेत. आजोबा घेत नाहीत अशी पोराची तक्रार होती, त्यावरूनही मी त्यांना दोन शब्द सुनावले होते. आता चावी त्यांच्या हातात ठेवली. ती त्यांनी मुठीत धरली, पण उठले नाहीत.

"मना कललं, बाय," ते म्हणाले. "पन या हाताला कोन सांगनार?"

हल्ली रविवारी मी येते. बाबा स्टिअरिंगवर बसतात, मी बाजूला. इंजिन बंदच असतं. ते पहिला टाकतात, दुसरा, तिसरा, चौथा, परत दुसरा. आवाज होत नाही. बंद गाडीत होणार तरी कुठून. मग मी विचारते, "फाटक उघडू?"

"आज नको," ते म्हणतात. "रस्त्यावर मानसं असतील."