माझ्या लाळेचा नमुना

"तोंड उघड," सर म्हणाले.

पुण्याचे पाहुणे टेबलाभोवती उभे होते. सरांच्या हातात कापसाची काडी. मी त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. जागा अमरावतीची प्रयोगशाळा.

टेबलावरची चिप मी बनवलेली. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यात केसासारख्या बारीक वाटा कोरायच्या. वर दुसरा पत्रा ठेवून गरम दाबायचा. उष्णता जास्त झाली की वाटा बुजतात, कमी पडली की पाणी झिरपतं. खाली हीटर. नमुन्याचा थेंब एका गरम पट्ट्यावरून दुसऱ्यावर फिरत राहतो आणि त्यातला जरासा डीएनए दिसण्याइतका वाढतो. पंख्याच्या वाऱ्यानंही तापमान हलायचं. म्हणून मे महिन्यात मी पंखा बंद करून बसायची. सरांच्या केबिनला एसी होता.

सरांनी काडी हातात घेण्याआधी एका पाहुण्यानं मला विचारलं होतं, "तुमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं पेपरात वाचतो रोज. तुमची शेती आहे का?"

"नाही. आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते. अकोल्याकडे."

सर हसले. "यांना जमीनच नाही, मग आत्महत्या कशाला करतील? काहीही होऊ दे, हे लोक टिकतात. डीएनएच चिवट. थांबा, हिचाच घेऊन दाखवतो."

पाहुणेही हसले. मोठ्यानं नाही. सभ्यपणे.

मी तोंड उघडलं.

काडी गालाच्या आतून फिरली. मी हीटरच्या आकड्याकडे बघत होते. आकडा हलत नव्हता. राग आला नाही. रडू नाही. काहीच नाही. आई ज्यांच्या वावरात जायची, ते मालक आदल्याच हंगामात गेले होते. जीव देऊन. आई त्यांच्या दारात बसून रडली होती, आणि तिचं कामही थांबलं होतं. हे सांगता आलं असतं. तोंडात काडी होती. काडी निघाल्यावरही बोलले नाही.

चाचणी चांगली झाली. पाहुण्यांनी सरांशी हात मिळवले. मी चहाचे कप गोळा केले.

पुढे अकोल्याच्या एका कॉलेजात सरांचं व्याख्यान होतं. मी आणि शाहीन मागच्या रांगेत. शाहीन माझ्याच प्रयोगशाळेतली, अकोल्याचीच. पडद्यावर माझी चिप आली. बनवणाऱ्याच्या जागी सरांचं नाव. पुढच्या चित्रात डीएनएच्या उजळ रेघा आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं: ग्रामीण, अनुसूचित जाती, स्त्री.

मीच ती. चिपेवर माझं नाव नाही. लाळेवर माझी जात.

शाहीन माझ्या कानाशी म्हणाली, "हे तुयं हाय न? तुले इचारलं होतं त्यायनं?"

"नाई."

"मंग चूप काहून हायस?"

मी उठले. आवाज निघाला. वऱ्हाडीतच निघाला.

"सर, हा नमुना माया हाय. मले कोणी इचारलं नाई. माई जात काहून लिवली? काढा हे."

पुढच्या रांगांतली डोकी मागे वळली. सर म्हणाले, "खाली बस. नंतर बोलू."

"नंतर नाई. आताच काढा."

ते पुढचं चित्र लावून बोलत राहिले. मी उभीच राहिले. व्याख्यान संपेपर्यंत. शाहीनही माझ्याजवळ उभी राहिली.

अमरावतीला परतल्यावर मी फ्रीजमधून माझ्या नमुन्याच्या नळ्या काढल्या आणि सरांच्या समोर ब्लीचमध्ये ओतल्या, त्यातला डीएनए उरूच नये म्हणून.

"माफी माग," सर म्हणाले. "नाहीतर दुसरा गाईड शोध."

"माफी मांगत नाई."

दुसरा गाईड अजून मिळालेला नाही. ज्यांना विचारलं ते कामाबद्दल बोलत नाहीत. त्या दिवशी अकोल्याला काय झालं, ते विचारतात. मी सगळं सांगते, जसं झालं तसं. 'डीएनएच चिवट' हे सरांचं वाक्यही सांगते. मग ते म्हणतात, कळवतो.

नाही कळवलं तरी चालेल. चिप माझी आहे, ती मी कुठंही बनवीन. तिच्यावर माझं नाव घालीन. कुणाचा नमुना घ्यायची वेळ आली तर आधी विचारीन, आणि तो नाही म्हणाला तर तिथंच थांबीन. आणि सरांचं वाक्य मी विसरणार नाही. ते जिथं जिथं बोलायला उभे राहतील, तिथं मीही उभी राहीन.