फॉल लावायला आलेली साडी

सत्यनारायण टेलरांची सिंचना डॉक्टर होणार, हे म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतल्या त्यांच्या गल्लीला तिच्या कॉलेजच्याही आधी ठाऊक होतं. तिच्या तिसऱ्या वर्षाच्या फीमध्ये साठ हजार कमी पडतायत, हेही ठाऊक होतं. सोमवारपर्यंत भरले नाहीत तर परीक्षेला बसू देणार नव्हते. हे कुणालाच माहीत नाही अशा थाटात वावरत होत्या त्या एकट्या कुसुमबाई, सिंचनाच्या आई.

समाजाच्या मंडळाकडे अर्ज गेला होता. पण मंडळाची रीत अशी, की आधी घर बघायचं, मग पैसे. मुलगी बघायला यावं तसे येणार, कॉफी पिणार, भिंतींवरून नजर फिरवणार आणि गरज खरी की खोटी ते ठरवणार. शनिवारी चार वाजता अध्यक्ष बिंदुमाधव यायचे होते.

सिंचनानं त्या दिवशी वॉर्डात एका आजोबांची नाडी तीनदा मोजली. तिन्ही वेळा इतकी जोरात लागली, की आपण स्वतःचीच मोजतोय की काय, असं तिला वाटलं. परतताना बसमध्ये जागा मिळाली, तरी तिला बसवेना. दाराशी उभी राहून ती प्रत्येक सिग्नलला ड्रायव्हरकडे डोळे वटारून बघत होती.

घरात पाऊल टाकलं आणि तिला वाटलं, घर चुकलं. शिवणयंत्रावर भरतकामाची चादर. शेजारच्या तुंगाक्कांच्या दोन गुबगुबीत खुर्च्या. केसरीभातात एवढे काजू, की केसरीभात शोधावा लागावा. आणि मधोमध कुसुमबाई, जांभळ्या रेशमी साडीत!

"अम्मा, ही साडी कुणाची?"

"शिवणाच्या गठ्ठ्यातली. सकाळीच फॉल लावला. तासाभराचा तर प्रश्न, मग घडी घालून ठेवते."

"अय्यो! ते मदत द्यायला येतायत, सोयरीक करायला नाही!"

"म्हणून काय रडकं तोंड घेऊन बसायचं? सुम्ने, उगाच कटकट करू नको, केस विंचर."

गळ्यात टेप अडकवलेले सत्यनारायण खिडकीतून रस्ता बघत होते. तेवढ्यात खाली गाडी थांबली. बिंदुमाधव उतरले आणि त्यांच्या मागून, कुणी न बोलावता, जयलक्ष्मीपुरमसारख्या बड्या वस्तीत राहणारी त्यांची सून वर्षिणी. तिला पाहून सत्यनारायणांचा चेहरा पडला. ते लेकीच्या कानाशी पुटपुटले, "निऱ्यांपाशी बघ."

सिंचनानं बघितलं. साडीच्या काठाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली होती. अप्पांचंच अक्षर: वर्षिणी, रविवार.

मग पुढची वीस मिनिटं सिंचना आई आणि वर्षिणीच्या मधे भिंतीसारखी उभी. आई उजवीकडे सरकली की ही उजवीकडे, आई कॉफी आणायला गेली की ही मागोमाग.

"अगं, बस की बाळ," बिंदुमाधव म्हणाले.

"नको, बरी आहे मी."

अध्यक्षांनी केसरीभात दोनदा घेतला, खुर्चीचा हात कुरवाळला आणि ढेकर दिला. "सत्यनारायणराव, छान चाललंय हो तुमचं. यंदा अर्ज फार आलेत. एका घरी तर पंखासुद्धा नाही." त्यांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली.

"पांडुरंगाची कृपा," कुसुमबाई खुलल्या. "आणखी थोडा वाढू?"

आई आपल्याच हातानं सोमवार बुडवत होती, आणि वरून काजू वाढत होती.

सिंचना मटकन खाली बसली, आईच्या पायाशी, आणि टाचणी काढली.

"वर्षिणीअक्का, तुमची साडी उद्या द्यायची होती. फॉल लागलाय."

मग तिनं खुर्च्यांकडे बोट दाखवलं.

"ह्या खुर्च्या तुंगाक्कांच्या. काजू उधारीचे. सोमवारी फी गेली नाही तर माझं वर्ष जाईल. तेवढं मात्र आमचं स्वतःचं आहे."

कुसुमबाईंची मान जी खाली गेली ती वर येईना. वर्षिणी उठली. तिनं त्यांच्याभोवती एक चक्कर मारली, वाकून काठ ओढून पाहिला.

"मगाचपासून बघतेय मी," ती म्हणाली. "कसला बसलाय हो फॉल! आधीच्या टेलरनं नुसत्या सुरकुत्या पाडल्या होत्या. मामंजी, तो कागद काढा खिशातून."

बिंदुमाधवांनी कागद काढला, पण संशय काही फिटेना. वर बघत विचारलं, "आणि पंखा?"

"पंखा आमचाच!" कुसुमबाईंची मान ताडकन वर आली. "तीनवर फिरत नाही, एवढंच."

सही झाली. सोमवारी सकाळी चेक न्यायला या, म्हणाले. कुसुमबाई आत जाऊन सुती साडी नेसून आल्या आणि रेशमी साडीची चोख घडी वर्षिणीच्या हातात ठेवली.

"फॉलचे शंभर झाले," त्या म्हणाल्या. लेकीकडे बघितलंसुद्धा नाही.

गाडी गेली. सिंचना दिवसभरात पहिल्यांदा खुर्चीवर टेकली, डोळे मिटले.

"उठ," आतून आवाज आला. "तुंगाक्काच्या खुर्च्या देऊन ये आधी."