मनीषा आणि इंग्रजीचा पेपर

परवाच्या रविवारी तलासरीजवळच्या झरी गावाला जाऊन आले. मनीषा दहावीला इंग्रजीत नापास झाली... बाकी सगळ्या विषयांत पास. तिचा फोन लागेना, तिची मावशी नीट काही सांगेना, म्हणून शेवटी मीच तलासरीची एसटी पकडली.

मनीषा म्हणजे वर्षभर माझ्याकडे एकटीच इंग्रजी शिकायला येणारी मुलगी. आईवडील झरीला, पावसाळ्यात भातशेती आणि एरवी मजुरी. दहावीसाठी ती आमच्या सरावलीला मावशीकडे राहायला आली. मावशी आमच्या शेजारच्या चिकूच्या वाडीत कामाला आहे, तीच हिला घेऊन आली होती. म्हणाली, बाकी सगळं करते, फक्त इंग्रजीचं पुस्तक समोर आलं की हिची वाचा बसते.

खरंच तसं होतं. घरी वारली बोली, शाळेत मराठी, दुकानात गुजराती असं सहज बोलणारी ही मुलगी इंग्रजीचं पान उघडलं की ओढणीचं टोक पिळत बसायची. मी चित्रांची पुस्तकं आणली, बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचायला दिलं... ती खिडकीबाहेर बघायची आणि वेळ संपली की चपला घालून निघायची.

दिवाळीनंतर मात्र एक दिवस तिने धडा उघडला आणि ओळींवर बोट ठेवून सलग वाचून दाखवला. मी नवऱ्याला आतून बोलावून आणलं ऐकायला! त्या दिवशी शिरा केला. पुढे दुसरा धडा, मग तिसरा... भेटेल त्याला सांगत सुटले होते. इथे पोस्टही टाकली होती, काहींना आठवत असेल.

त्याच सुमारास भूकंपाचे धक्के सुरू झाले. इकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको... जमीन गुरगुरायची, मांडणीवरची भांडी वाजायची. आम्ही आमचा क्लास अंगणात हलवला.

जानेवारीतल्या एका दुपारी ती वाचत असतानाच धक्का बसला. टेबल हललं आणि पुस्तक खाली पडलं. मी ते उचलून तिच्यासमोर ठेवलं, पण गडबडीत भलतंच पान उघडलं गेलं... कवितेचं. मनीषाने त्या कवितेवर बोट ठेवलं आणि मघाचा धडा जिथे थांबला होता तिथून पुढे वाचायला लागली. एकही शब्द न चुकता.

मला आधी लक्षातच आलं नाही. मग उमगलं. ती वाचत नव्हतीच. तिनेच कबूल केलं, मावशीच्या शेजारच्या बारावीतल्या मुलीकडून मोबाईलवर धडे रेकॉर्ड करून घ्यायची आणि ऐकून ऐकून पाठ करायची. बोट नुसतं फिरायचं.

मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागली. मग म्हणाली, "मॅडम, पहिल्या वेळी तुम्ही एवढ्या खूश झाल्या... मग मला सांगवलंच नाही."

परीक्षा तोंडावर आली होती. पेपरात न पाहिलेला उतारा येतो, तिथे पाठांतर काय कामाचं? त्यात यंदा तोंडीचे मार्कही काढून टाकलेले. आम्ही अक्षरांच्या आवाजांपासून पुन्हा सुरुवात केली. आता ती मनापासून वाचायचा प्रयत्न करायची, आणि तेच बघवत नव्हतं... तासाभरात जेमतेम दोन ओळी, आणि कपाळावर घाम. 'नाइट' लिहिताना मध्ये जी आणि एच कशाला, असं तिने एकदा विचारलं.

फेब्रुवारीत मोठा धक्का बसला आणि झरीच्या त्यांच्या घराची मागची भिंत कोसळली. घरचे सगळे थंडीत ताडपत्रीखाली राहायला लागले. मनीषा आईजवळ गेली ती परत आलीच नाही, थेट परीक्षेलाच बसली. मी फोनवर धीर देत होते, पण निकाल काय लागणार हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

परवा गेले तेव्हा ती पडलेल्या भिंतीच्या जागी उभारलेला कारवीच्या काठ्यांचा कुड शेणमातीने लिंपत होती. मला बघून हसली, पण हात थांबले नाहीत. जुलैच्या फेरपरीक्षेला बस, मी रोज शिकवते, असं मी परोपरीने सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली की चारोटीला हायवेवरच्या एका हॉटेलात काम मिळालंय, सोमवारपासून जायचंय. त्या आवाजात ना राग होता, ना रडू. तिने मनातून तो विषय कधीच संपवला होता.

चहा झाला, मी निघाले. तेव्हा तिने हात धुतले आणि आत जाऊन धाकट्या बहिणीला घेऊन आली. वनिता, यंदा पहिलीत जाणार. ती मनीषाच्या पाठीमागे लपत होती.

"मॅडम, हिला शिकवाल का? मावशीला मी विचारलंय, ती ठेवून घेते म्हणाली. हिला आतापासूनच शिकवा... पाठ करायची सवय लागायच्या आधी."

मी हो म्हणाले.

परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून रडत आले. मनीषासाठी मला काहीच करता आलं नाही... आणि तरीही तिने आपली बहीण माझ्याच हाती दिली. या विश्वासाबद्दल तिचे आभार कसे मानायचे, खरंच कळत नाहीये.