कहाणीतली धाकटी

आमच्याकडे श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा झाली की कहाणी सांगतात. ऐकणारीनं मुठीत अक्षता धरायच्या आणि वाक्यावाक्याला ‘हूं’ म्हणायचं. हुंकार थांबला की सांगणारीनंही थांबायचं. कहाणी पुरी झाल्याशिवाय कुणी जेवत नाही.

कहाणी सासूबाईंची, त्यांच्याआधी त्यांच्या सासूची. एका घरात दोन सुना. थोरली व्रत करायची. धाकटीची एक दिवस मती फिरली. तिन्हीसांजेला दिवा न लावता ती घागर घेऊन नदीवर गेली, ती परत आली नाही. घराला उतरती कळा लागली. थोरलीनं व्रत सोडलं नाही, म्हणून पुन्हा भरभराट झाली.

पूर्णा जंक्शनला, रेल्वेलाइनीमागच्या आमच्या घरातही दोन सुना होत्या. थोरली मी. धाकटी जाऊ एका दुपारी बाजाराची पिशवी घेऊन गेली, ती गेलीच. पालमला माहेरी नव्हती. स्टेशनावर विचारलं, पोलिसांत कळवलं. तिची मुलगी तेव्हा बालवाडीत होती, ती माझ्याकडंच वाढली. सासूबाईंनी त्या श्रावणातही कहाणी सांगितली, एक शब्द न बदलता. ‘मती फिरली’ म्हणताना त्यांनी दाराकडं पाहिलं. मग दरवर्षी कहाणीत त्या तिथं आल्या की घरातल्या सगळ्यांचीच नजर दाराकडं जायची.

सासूबाई वारल्या आणि कहाणी माझ्याकडं आली. मी यात फार गुंतणारी नाही. पाठ आहे, सांगायची, ताटं वाढायची. पण पहिल्याच वर्षी माझ्या तोंडून त्यांचा आवाज निघाला. तसंच मधे खाकरणं, तोच ठेका. आणि ‘मती फिरली’ म्हणताना मीही दाराकडं पाहिलं.

गेल्या श्रावणात जावेची ही पोरगी परभणीच्या कॉलेजातून आली होती. पुरुषमाणसं ड्यूटीवर, घरात आम्ही दोघीच. धाकटी नदीवर गेली, इथवर आले आणि हुंकार आला नाही.

“हूं म्हण की.”

“मोठी आई, ती का गेली?”

“मती फिरली. सांगितलं ना.”

“ते सासू म्हणायली. तिला कुणी विचारलं का?”

“कहाणीत न्हाई ते. पुरण गार व्हायलंय.”

“होऊ दे. तिला लेकरू होतं का?”

कहाणीत लेकरू नाही. आणि इतकी वर्षं ऐकून, सांगून माझ्या ध्यानात आलं नव्हतं की सांगणारी धाकटीच्या मागं नदीवर कधी जातच नाही. तिला तिथं सोडते आणि घरात परत येते. घरातून जेवढं दिसलं तेवढंच सांगते.

पोरीची मूठ घट्ट होती. आई आपल्याला टाकून मोकळी झाली का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि ते विचारायची या घरात सोय नव्हती.

“हूं म्हणणार असशील तर सांगते,” मी म्हणाले. “धाकटीनं त्या दुपारी मटकी बांधली होती. ओल्या फडक्यात, खिडकीच्या खुंटीला. लेकीला मोडाची उसळ लय आवडायची. लेकीची वेणी घातली, तिला झोपवलं, मग पिशवी घेतली.”

“हूं.”

“फडकं कुणी सोडलं न्हाई. मोड विणीतून बाहेर आले. मग आजीनं ते तसंच उकिरड्यावर टाकलं.”

“हूं. म्हणजे परत येणार होती ती?”

“किंवा दुसऱ्या दिवशी तुझ्या ताटात काहीतरी असावं म्हणून. मला न्हाई माहीत. पण मती फिरलेली बाई उद्याची मटकी बांधत न्हाई.”

लेकरू परगावी असेल तर जिवतीच्या दिवशी आई चारी दिशांना अक्षता टाकते. पोरगी उठून दारात गेली आणि मूठ उघडून चारीकडं तांदूळ टाकले.

“हे लेकरांसाठी करतात,” मी म्हणाले.

“माहीत हाय. ती पण टाकत असंल. मी कुठल्या अंगाला हाय ते तिला माहीत हाय. ती कुठं हाय ते मला न्हाई, म्हणून चारीकडं.”

मी ताटं घ्यायला वळले. मागून ‘हूं’ ऐकू आलं, अगदी स्पष्ट. पोरगी दारात पाठमोरी उभी होती. तीच म्हणाली का, हे मी विचारलं नाही. ताटं तशीच राहू दिली, परत बसले आणि पुढचं सांगायला लागले, नदीवरून.