चौकशीत तिच्या बाजूनं

माझं तोंड वाईट आहे, हे पेणमध्ये रामवाडीपासून बाजारपेठेपर्यंत शिक्षक म्हणवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात घरोघर फिरून मुलं गोळा करायला सांगितलं की मी विचारते, कुठल्या नियमात आहे ते दाखवा. आमचे हेडसर मला बघून वाट बदलतात. बदलू देत. पण त्या तोंडामुळेच एका रविवारी रोह्याची ती बाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. एका प्रशिक्षणात आम्ही शेजारी बसलो होतो, एवढीच काय ती ओळख.

तिला शाळेनं निलंबित केलं होतं. रोह्याजवळची खासगी अनुदानित शाळा, मुलांचे वडील बहुतेक धाटावच्या केमिकल कारखान्यांत शिफ्टमध्ये. एका दुपारी कुठूनसा उग्र वास सुटला. मुलांचे डोळे चुरचुरायला लागले, एका मुलीला उलटी झाली. हिनं पाचवीचा अख्खा वर्ग उठवला आणि लांब देवळाच्या आवारात नेऊन बसवला. वास कुठून आला ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, मुलंही संध्याकाळी ठणठणीत होती. हिच्यावर मात्र आरोपपत्र आलं, मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय मुलांना शाळेबाहेर नेलं म्हणून.

खासगी शाळेतल्या कायम शिक्षकाला मनात आलं म्हणून काढता येत नाही. आधी चौकशी समिती बसवावी लागते, तिघांची. एक संस्थेचा माणूस, एक पुरस्कार मिळालेले शिक्षक आणि एक, ज्याच्यावर आरोप आहे त्यानं स्वतः निवडलेला, कुठल्याही खासगी शाळेतला. कायदा चांगलाच आहे. पण तो तिसरा माणूस मिळायला नको का? तिच्या शाळेतल्या सगळ्यांनी हात झटकले. उद्या आपलंच नाव पुढे येईल, ही भीती. जिच्याबरोबर ती रोज डबा खायची, तिनं तर फोन उचलायचंच बंद केलं. नवऱ्याचं कंत्राटी काम नुकतंच सुटलेलं, दोन मुलं शिकतायत, घर हिच्या नोकरीवर. माझीही शाळा खासगीच. मी हो म्हटलं.

चौकशी शाळेच्याच ऑफिसात चालायची. मी रजा टाकून रोह्याला जायचे. सहकाऱ्यांच्या साक्षी झाल्या. सगळे आपापल्या वर्गात होते म्हणे, वास आला पण एवढा नाही, बाई गेल्या ते दिसलं नाही. माझं डोकं तापत होतं, पण समितीत बसलेल्यानं तोंड आवरायचं असतं. शेवटची साक्ष त्यांच्या हेडसरांची. त्या सकाळी आम्ही दोघी स्टँडसमोर चहा घेत होतो आणि ती सहज बोलून गेली, सर कुठं शाळेत होते त्या दिवशी.

माझा कप हातातच राहिला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हेडसरांच्या आईचं डायलिसिस पेणला चालायचं. सकाळी सही करून ते म्हातारीला घेऊन निघायचे आणि दुपार कलल्यावर परत यायचे. संस्थेला पत्ता नाही. स्टाफला सगळं माहीत. कुणी विचारलं तर सर राउंडला गेलेत, असं सांगायचं, हे ठरलेलं. तेही इतरांना सांभाळून घ्यायचे. कुणाचं पोर आजारी असलं, कुणाची बस चुकली, तर कधी लेटमार्क नाही. वासाच्या दिवशी ही परवानगी मागायला धावत ऑफिसात गेलीच होती. खुर्ची रिकामी. पुढे संस्थेनं जाब विचारला तेव्हा सरांना दोनच उत्तरं होती, मी नव्हतो किंवा तिनं विचारलं नाही. त्यांनी दुसरं दिलं.

मी संतापले. हे तू उत्तरात का नाही लिहिलंस, म्हणून तिथंच आवाज चढवला. चहावाला बघायला लागला. ती म्हणाली, लिहिलं तर सरांची नोकरी जाईल, मग म्हातारीचं डायलिसिस कशावर चालणार? मी म्हटलं, आणि तुझी पोरं गो?

‘तुम्ही आत यातलं काय बोलायचं नाय,’ ती म्हणाली. ‘माझी शपथ हाय तुम्हाला.’

असला राग मला कुणाचा आला नव्हता. आणि इतकी माया पण.

आत सरांनी आपलं म्हणणं वाचून दाखवलं, मान वर न करता. मग प्रश्न विचारायची माझी पाळी आली. समोर ती बसलेली, डोळे माझ्यावर. जिभेवर आलेलं मी गिळलं आणि एवढंच विचारलं, ‘सर, ती परवानगी मागायला आली असती, तर तुम्ही दिली असतीत का?’

‘दिली असती,’ ते म्हणाले. हातातला कागद त्यांनी उगाच दुमडला, परत उलगडला. मग म्हणाले, ‘ती आलीच असणार. मी नव्हतो.’

संस्थेचे गृहस्थ म्हणाले, नव्हतो म्हणजे काय? आणि मग सरांनी सगळं सांगितलं, आईसकट. कुणीही ओढून काढलं नव्हतं. ती तोंडावर पदर घेऊन रडत होती.

आरोप सिद्ध झाले नाहीत. तिला सन्मानानं कामावर घेतलं. सरांना मात्र संस्थेनं निलंबित केलं आणि त्यांच्यावर चौकशी लावली.

थोड्या दिवसांनी त्यांचा मला फोन आला. समितीत त्यांच्याही बाजूनं एक जण लागतो, शाळेतलं कुणी तयार नाही, म्हणाले. मी त्यांना जे सुनावलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तुमच्या आईपायी एक बाई स्वतःच्या घरावर पाणी सोडायला निघाली होती आणि तुम्ही ते बघत बसलात, हे तर तीनदा सांगितलं. त्यांनी फोन ठेवला नाही, सगळं ऐकून घेतलं. दम लागला तेव्हा मी विचारलं, माझा नंबर कुणी दिला?

‘त्यांनीच दिला,’ सर म्हणाले. ‘म्हणाल्या, आधी ओरडतील. ओरडू द्या. मग तारीख विचारतील.’

मी तारीख विचारली.