कंडक्टर मामांचे दोन टकोरे

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंतच. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर तर अंगणात वाळत घातलेल्या हरमलच्या मिरच्यांसारखं, एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे. कुणाच्या हाती हे पडलंच तर सांभाळून घ्यावं. पण आमच्या शेजारच्या कंडक्टर मामांसारखा माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात दुसरा झाला नाही, हे सांगायला चौथी पुरते.

मामा नात्याचे नव्हेत. हरमल-म्हापसा खासगी बसवर सगळी उमर कंडक्टर होते, म्हणून सगळ्यांचे मामा. एकाच भाटकाराच्या, म्हणजे जागेच्या मालकाच्या, जोडखोल्यांत आम्ही राहायचो, मध्ये एक भिंत. काम सुटलं तरी बस त्यांच्या अंगातून गेली नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या वाटेत कोणी उभं राहिलं की हे पाटावरून ओरडणार, "फुडें सरा, फुडें सरा, मदीं जागो आसा!" बसच्या पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हा कायदा त्यांनी साऱ्या जगाला लावला होता. घरातून निघताना दाराच्या चौकटीवर दोन टकोरे मारायचे, मगच पाऊल उचलायचं. एका लग्नात भटजींनी मंगलाष्टकं फारच लांबवली, तेव्हा मामांनी मंडपाच्या खांबावर दोनदा टकटक केलं. भटजी त्यांच्याच बसने यायचे-जायचे. त्यांनी मुकाट्याने सावधान म्हणून टाकलं.

सुट्ट्या पैशांची तर वेगळीच तऱ्हा. मी दर शुक्रवारी मिरच्यांची पाटी घेऊन म्हापशाच्या बाजारात जायची. लग्न होऊन आले तेव्हापासून माझा एक रुपया मामांकडे राहिलेला. मागचा दिला की नवा ठेवून घ्यायचे. मी लाजरी, मागायची नाही. एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "गो बाय, रुपयो माझेकडे उरलो म्हणजे फुडल्या शुक्रारा तू माझीच बस सोदतलें. हिशेब पुरो जालो की पाशिंजर तुटता." असे किती जणांचे रुपये त्यांच्याकडे होते देव जाणे, पण त्यांची बस कधी रिकामी गेली नाही.

मग त्यांचं आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं. लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून त्याला पिशवी लावली. मामी कधीच गेलेल्या, एकुलती लेक बेळगावला. ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडे चला." मामा म्हणाले, "थंय समुद्र ना." लेक म्हणाली, "ठीक आहे, पण एकदा जरी काही झालं तरी मी येऊन घेऊन जाणार." इस्पितळातल्या नर्सबाईंनी घरी सोडताना सगळं मला समजावलं. मी खाली फरशीकडे बघत ऐकत होते, पण शब्द न् शब्द ऐकला. काय खायचं नाही, पिशवीत काही येईनासं झालं तर काय करायचं, आणि कधी जराही न थांबता इस्पितळात आणायचं.

घरी आल्यावर पंचाईत अशी की पोटातलं बोलायला मलाही लाज आणि त्यांनाही. म्हणून मामांनी भिंतीचा उपाय काढला. रोज सकाळी पिशवी रिकामी केली की भिंतीवर दोन टकोरे. म्हणजे गाडी चालू आहे. एक टकोरा आला तर मी हातातलं टाकून जायचं. ते दोन टकोरे ऐकल्याशिवाय मी चहाचं आधण ठेवत नसे. पथ्यसुद्धा त्यांनी बसच्या भाषेत बसवलं होतं. "पेज, मऊ भात, पाव, हे शाणे पाशिंजर. चडटात, बसतात, देंवतात. काजू, अळमी, खोबरें, हे दारांत लोंबकळपी. आपणय देंवनात आनी दुसऱ्यांकय देंवूंक दिनात."

एवढं कळत असून चैत्रात एका मुंजीला ते जेवायला गेले. पानात ओल्या काजूगरांचं तोणाक, नारळाच्या वाटपातली रसभाजी. पेडण्याचा माणूस ते पुढ्यात आल्यावर नाही म्हणूच शकत नाही. त्यातून नवी कवळी टोचते म्हणून मामांची जेवताना कवळी काढून खिशात ठेवायची सवय. काजूगर अख्खेच्या अख्खे आत गेले.

दुपारी भिंतीवर एकच टकोरा आला.

गेले तर मामा खाटेवर पोट धरून बसलेले. कळ यायची, जायची, परत यायची. पोट टम्म. पिशवीत जेवल्यापासून फक्त थोडं वासाचं पाणी. पोटावरचं ते लाल तोंड रोज जास्वंदीच्या कळीएवढं दिसायचं, ते सुजून फुललेलं. "गाडी अडली गो," एवढंच म्हणाले. मी नर्सबाईंनी सांगितलेलं एकेक करत गेले. खाणं बंद. सुजलेल्या तोंडाला काचू नये म्हणून नव्या पिशवीचं भोक मोठं कापून ती लावली. कोमट पाणी घोट-घोट दिलं, ऊन पाण्याचा टुवाल पोटावर ठेवला, गुडघे छातीशी घेऊन त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं, पोटावरच्या त्या तोंडाभोवती हलक्या हाताने चोळलं. तेवढ्यात समोरची काकू एरंडेलाची बाटली घेऊन आली. "एक चमचो दी, धडाधड सुटतलें!" मी जन्मात कुणाला उलट बोललेली नाही, पण म्हटलं, "नाही. जुलाबाचं काही द्यायचं नाही." मामा कळ सोसत म्हणाले, "वाट बंद आसतना फाटल्यान धक्को मारपी तू खंयची डायवर?" काकू बाटली घेऊन परतली.

मग मामांना उलटी झाली, आणि लगेच दुसरी. उलटी झाली की घरचे उपाय संपले, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी नाक्यावरची टॅक्सी बोलावली. पण मामा खाट सोडीनात. "बाय, इस्पितळांत गेलों की चेडवाक कळटलें. ती माका व्हरतली. हांगाच रांवया, सुटतलें." लेक घेऊन जाईल या धास्तीने त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही ते जायला नको होते. माझी सकाळ त्या टकोऱ्यांवर उघडायची. पण पोट दगडासारखं झालं होतं.

मी बाहेर गेले, टॅक्सीच्या पत्र्यावर थाप मारली आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं ओरडले, "म्हापसा, म्हापसा, म्हापसा! चला, चला, मदीं जागो आसा!" काकू दारात आ वासून उभी. आत खाट करकरली. मामा भिंत धरत बाहेर आले, हसू आणि कळ एकाच तोंडावर. म्हणाले, "आवाज बरो आसा गो तुझो. पयलीं मेळ्ळें जाल्यार कामाक घेतलें आसतें." आणि बसले.

इस्पितळात सलाईन लावली, बारीक नळीने पाणी सोडलं, आणि तिन्हीसांजेला वाट मोकळी झाली. पिशवी भरली तशी मामांनी खाटेच्या लोखंडावर दोन टकोरे मारले. कुणी बोलावलं असं वाटून नर्सबाई धावत आल्या, आणि मी पदरात तोंड घालून हसले की रडले ते मलाही सांगता येणार नाही. टॅक्सीचं भाडं मी मिरच्यांच्या पैशांतून दिलं होतं. मामा म्हणाले, "सुट्टे नात, मागीर दितां." मला बरं वाटलं. उधारी होती म्हणजे माणूस होता.

लेकीला फोन मीच केला. करायलाच हवा होता. ती गाडी घेऊन आली, रागावली नाही, माझे हात धरून रडली. आता बेळगावहून फोनवर सांगते, बाबा रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर टकटक करतात, का ते आम्हाला सांगत नाहीत. इथे पलीकडच्या खोलीला भाटकाराने कुलूप घातलंय. सकाळी चहाचं आधण ठेवताना माझा हात अजून क्षणभर थांबतो.

निघायच्या दिवशी मामा गाडीत पुढे बसले आणि काच खाली करून मला बोलावलं. टॅक्सीच्या भाड्याच्या नोटा मोजून माझ्या हातात दिल्या. मग खिशात बराच वेळ चाचपून एक रुपया काढला.

"मामा, तो राहू दे," मी म्हटलं. "तुमच्याकडेच राहू दे."

त्यांनी रुपया माझ्या तळव्यावर ठेवला, माझी बोटं मिटली, आणि गाडीच्या दारावर बाहेरून दोन टकोरे मारले. माझे सगळे पैसे फिटले.