अराफातचा डोंगर आणि माझा जिना

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात चेन्नईत पाण्याचे फार हाल होते. मैलापुरात माझे घरमालक तळमजल्यावर राहायचे आणि मी दुसऱ्या मजल्यावर. टँकर आला की ते आधी स्वतःची पिंपं भरून घ्यायचे, मला जेमतेम एक बादली उरायची. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं होतं.

पुढच्या जानेवारीत हजला निघण्याआधी ते धापा टाकत वर आले. निघताना सगळ्यांची माफी मागायची त्यांच्यात रीत आहे. "पाण्याबद्दल माफ करा," म्हणाले. "केलं," म्हणून मी दार लावून घेतलं. मला ऑफिसची बस गाठायची होती.

परत आल्यावर त्यांनी माझ्या हातात खजूर ठेवले. सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेला मी, पहिलं काय विचारलं तर अराफातचा डोंगर किती उंच आहे आणि माथ्यावर काय आहे.

"मी वर गेलोच नाही. गुडघे कुठे साथ देतात?"

एवढ्या लांब जाऊन माथा गाठला नाही, म्हणून मला त्यांची कीव आली.

"चढावं लागत नाही," ते म्हणाले. "खालच्या मैदानात दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत अल्लाची माफी मागायची. तोच हज. पण माणसाला दुखावलं असेल, तर माफी त्या माणसानंच द्यावी लागते. तिथे मला सारखं तुमचं दार आठवत होतं. आता सावकाश सांगा, माफ केलंत?"

एवढं विचारायला ते पुन्हा दोन मजले चढून आले होते.